पिस्टन पेनची निगा : धुलाई, वंगण आणि जोडणीचा क्रम

मागची घुंडी फिरवून शाई ओढणारे पेन घट्ट फिरू लागले की बहुतेक जण एकच उपाय करतात. घुंडीच्या फटीत तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि चिमटीचा जोर वाढवून ती फिरवायची. सांगली-साताऱ्याकडे शाईचे पेन अजूनही हौसेने वापरणारे वकील, शिक्षक आणि डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांची जी पेने माझ्या टेबलावर येतात, त्यांतील बरीचशी या दोन थेंबांनीच बिघडलेली असतात. तेल नको त्या जागी गेलेले असते, जोर नको त्या वेळी लावलेला असतो आणि मूळ कारण, म्हणजे नळीच्या आतल्या भिंतीवर सुकून बसलेली शाई, तसेच राहिलेले असते. घट्ट झालेला दट्ट्या, म्हणजे शाई ओढणारा पिस्टन, बहुधा मळलेला असतो. कोरडा असण्याची वेळ त्यानंतर येते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. अनेक पेनांचे काम तिसऱ्या टप्प्यातच संपते आणि वंगणाची डबी उघडावीही लागत नाही.

दट्ट्या चालतो कसा

घुंडी फिरवली की तिला जोडलेला आट्यांचा भाग फिरतो. दट्ट्याच्या दांड्याला मात्र गोल फिरता येत नाही, कारण त्याच्या चपट्या बाजू एका खाचेत अडकवलेल्या असतात. त्यामुळे तो पुढे-मागे सरकतो. दांड्याच्या टोकाला लवचिक प्लॅस्टिकचे किंवा रबराचे डोके असते आणि त्याच्या कडा नळीच्या भिंतीला घासत जातात. म्हणजे घर्षणाच्या जागा दोन आहेत. पहिली जागा शाईच्या बाजूला, डोक्याच्या कडा आणि भिंत यांच्यामध्ये असते. दुसरी जागा घुंडीच्या आत, आट्यांमध्ये असते, आणि तिथे शाई पोहोचणे अपेक्षितच नसते. घुंडीच्या फटीतून सोडलेले तेल या दुसऱ्या जागी पोहोचते, तर तक्रार बहुतेक वेळा पहिल्या जागेची असते.

घुंडी कशी अडते यावरूनही बराच अंदाज येतो. ती सबंध फेरीभर सारखीच जड फिरत असेल, तर भिंत मळलेली आहे किंवा खरोखरच कोरडी आहे. सुरुवातीला अडून मग एकदम सुटत असेल, तर डोक्याच्या कडेपाशी शाई सुकलेली आहे. एकाच ठरावीक ठिकाणी अडत असेल, तर पेन बरेच दिवस पडून राहिले असताना शाईची पातळी जिथे होती तिथे सुकलेल्या शाईचे कडे तयार झालेले आहे. पारदर्शक पेन दिव्यासमोर आडवे धरले तर हे कडे स्पष्ट दिसते. मे महिन्याच्या सुटीत शिक्षकांच्या टेबलावर तशीच राहिलेली लाल शाईची पेने पाहावीत. नळीच्या मध्यभागी काळपट लाल, वरच्या कडेला जाड आणि खाली विरत गेलेली रेघ असते, आणि दट्ट्याची कड नेमकी तिथे येऊन थबकते.

टप्पा १ : पेन कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखणे

हा टप्पा वगळल्यामुळे जेवढी पेने तुटतात तेवढी दुसऱ्या कशाने तुटत नसावीत. एका पेनाचा व्हिडिओ पाहून दुसरे पेन उघडण्याचा मोह टाळावा, कारण एकाच कंपनीच्या दोन पेनांची रचनाही वेगळी असू शकते.

पेलिकन कंपनीच्या ‘सुव्हेरेन’ मालिकेतील एम ४०० आणि एम ६०० या पेनांत, तसेच साध्या एम २०० मध्येही, निबचा संच आटे फिरवून पुढून निघतो. त्यांची मागची यंत्रणा मात्र नळीत दाबून बसवलेली असते आणि ती घरी काढण्यासाठी नसते. एम ८०० आणि एम १००० या मोठ्या पेनांची पितळी यंत्रणा आट्यांची असते, पण ते आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने सोडवायला गेल्यास ती आणखी आवळली जाते आणि नळीला चीर पडू शकते.

ट्विस्बी या तैवानी कंपनीच्या ‘डायमंड ५८०’ आणि ‘इको’ या पेनांसोबत छोटा पाना आणि सिलिकॉन ग्रीस मिळते, कारण ती मागून उघडता येतील अशीच बनवलेली आहेत. लॅमी २००० या पेनाचा पकडीचा पुढचा भाग आटे फिरवून सुटतो आणि दट्ट्याची भिंत समोरून मोकळी होते. माँ ब्लाँच्या पिस्टन पेनांचा निब-संच काढण्यासाठी खास हत्यार लागते. ते नसल्यास पक्कड लावू नये आणि त्या पेनाचे काम केवळ धुलाईवर थांबवावे.

इशारा. पेन आजोबांच्या काळातील असेल आणि दट्ट्याचे डोके बुचाचे (कॉर्कचे) असेल, तर या लेखातील वंगणाचा भाग त्याला लागू नाही. बुच सुकून आकसले की गळते आणि त्याची दुरुस्ती वेगळी असते. असे पेन जाणकाराकडे द्यावे.

टप्पा २ : साहित्य, आणि त्यातील फसवणारे पदार्थ

साहित्य थोडेच लागते. साधे पाणी, भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब, दोन वाट्या, टीपकागद किंवा टिश्यू, चष्मा पुसण्याचे मऊ कापड, लाकडी दातकोरणी, औषधाच्या दुकानात मिळणारी सुईविना सिरिंज आणि शुद्ध सिलिकॉन ग्रीस एवढे पुरते. कापसाचे बोळे टाळावेत, कारण त्यांचे तंतू दट्ट्याच्या कडेखाली अडकतात आणि पुढे गळतीची बारीक वाट तयार होते.

पाण्याकडे थोडे लक्ष द्यावे. ज्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, ते पाणी पेनातही तोच थर सोडते. सांगलीच्या उसाच्या पट्ट्यातील खारवट बोअरचे पाणी पहिल्या धुण्याला चालेल, पण शेवटचे धुणे आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यानेच करावे. बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड पाणी गॅरेजमध्ये आणि पेट्रोल पंपावर मिळते. मात्र मागताना ‘बॅटरीचे पाणी’ एवढेच म्हणू नये, कारण काही ठिकाणी त्या नावाने ॲसिडही हातात येते. बाटलीवरील लेबल वाचून घ्यावे.

आता ग्रीस. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

खोबरेल तेल वापरू नये. ते सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, म्हणजे साताऱ्याच्या थंडीत ते पेनाच्या पोटात पांढरे होऊन बसणार आणि नंतर निबखालच्या खाचाही बुजवणार. शिलाई मशीनचे तेल आणि व्हॅसलिन हे दोन्ही पेट्रोलियमपासून बनतात. त्यांनी काही प्रकारचे रबर फुगते आणि काही प्लॅस्टिकांवर केसासारख्या भेगा पडतात. गंज सोडवण्याचा फवारा त्याच कारणासाठी वर्ज्य आहे. ग्लिसरीन पाण्यात विरघळते, त्यामुळे ते पहिल्याच शाईत मिसळून भिंतीवरून जाते आणि शाई मात्र दाट करून ठेवते.

सिलिकॉन ग्रीस पाण्यात विरघळत नाही आणि पेनांत सामान्यतः वापरलेल्या प्लॅस्टिकांना त्रास देत नाही. पण सांगलीच्या गणपती पेठेतील एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात नुसते ‘सिलिकॉन’ मागितले, तर काचा आणि बेसिन चिकटवण्याची सिलिकॉनची ट्यूब पुढे येण्याची शक्यता जास्त. तो सीलंट आहे, हवेत सुकून रबर होतो आणि एकदा दट्ट्यावर लागला तर पेन संपले म्हणून समजावे. त्यातील पुष्कळ प्रकारांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, हीच त्याची पहिली खूण. मिरजेत दवाखाने आणि प्रयोगशाळा दाटीने असल्यामुळे प्रयोगशाळेच्या साहित्याची दुकाने सहज सापडतात. तिथे काचेच्या तोट्यांना लावायचे सिलिकॉन ग्रीस मिळते. त्यातही पेट्रोलियमचा प्रकार असतो, त्यामुळे डबीवर ‘सिलिकॉन’ हा शब्द असल्याची खात्री करावी. सुगंधी, रंगीत किंवा पांढरी पूड मिसळलेले ग्रीस घेऊ नये.

तपासणी. नवीन ग्रीसचा कणभर ठिपका काचेवर ठेवून रात्रभर सोडावा. सकाळी बोटाने पसरला तर ग्रीस. सालीसारखा सुटून आला तर सीलंट.

टप्पा ३ : धुलाई

१. उरलेली शाई बाटलीत परत न ओतता वाटीत सोडावी. घुंडी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की दट्ट्या निबकडे येतो आणि शाई बाहेर पडते.

२. निब आणि पकडीचा टोकाकडील भाग साध्या, गार पाण्यात बुडवून पाणी ओढावे आणि सोडावे. पाणी गरम नसावे, कारण गरम पाण्याने प्लॅस्टिक वाकते आणि जुन्या पेनांचा रंग जातो. स्पिरिट, थिनर आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव यांना तर पेनाच्या जवळही येऊ देऊ नये.

३. घुंडी पहिल्याच फेरीत अडली, तर तिथेच थांबावे. सिरिंजने निबच्या बाजूने किंवा, निब निघत असेल तर, सरळ नळीत पाणी भरावे, पेन निब वर ठेवून पेल्यात उभे करावे आणि रात्रभर सोडावे. दुसऱ्या दिवशी बोटाच्या हलक्या दाबाने घुंडी एक-अष्टमांश वळण पुढे आणि तेवढेच मागे, अशी हलवत राहावी. सुकलेली शाई पाण्याने सुटते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. दोन-तीन दिवस लागले तरी घाई करू नये. हा एक टप्पा मनापासून केला तर ‘दुरुस्तीला’ म्हणून आलेल्या पेनांपैकी पुष्कळ पेनांना दुरुस्ती लागतच नाही, असे माझे मत आहे.

४. पाणी स्वच्छ येऊ लागल्यावर एका वाटी पाण्यात साबणाचा एकच थेंब टाकून चार-पाच वेळा ओढावे, मग साध्या पाण्याने साबणाचा मागमूस राहणार नाही इतक्या वेळा धुवावे. साबण राहिला तर पुढे शाई कागदावर पसरते आणि अक्षराला मिशा फुटतात.

५. शेवटचे दोन-तीन घोट डिस्टिल्ड पाण्याचे घ्यावेत. मग पाणी काढून, निब खाली करून टीपकागदात पेन उभे ठेवावे. निबखालच्या खाचांतील पाणी कागद ओढून घेतो. कागदावर फिकट रंगही उमटेनासा झाला म्हणजे आतील काम झाले.

इशारा. ज्या पेनात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक किंवा शिक्क्याची शाई भरली गेली असेल, ते पेन या पद्धतीने सुटेलच असे नाही. ड्रॉइंग इंकमध्ये लाखेसारखे पदार्थ असतात आणि ते वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत. फाउंटन पेनची शाई आणि चित्रकलेची शाई एकाच कपाटात, सारख्या बाटल्यांत ठेवू नये.

तपासणी. पेन कोरडे झाल्यावर घुंडी पुन्हा फिरवून पाहावी. ती सबंध फेरीभर सारखी आणि मऊ फिरली, तर ग्रीस लावू नये. टप्पा ६ मधील पाण्याची चाचणी करून मोकळे व्हावे. ती किंचित कुरकुरत असेल किंवा धक्के देत सरकत असेल आणि भिंत मात्र स्वच्छ दिसत असेल, तरच पुढे जावे.

टप्पा ४ : निब काढून समोरून वंगण

बहुतेक पेनांसाठी हाच मार्ग योग्य आणि पुरेसा आहे.

निबचा संच आट्यांचा असेल, तर निब आणि तिच्याखालची खाचांची काळी जीभ, जिला दुकानात फीड म्हणतात, ही दोन्ही एकत्र चिमटीत धरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावीत. केवळ निब धरून फिरवली तर ती जिभेवरून सरकते आणि पुन्हा नीट बसवताना नाकी नऊ येतात. संच न सुटल्यास जोर न वाढवता पकडीचा भाग पुन्हा तासभर पाण्यात ठेवावा. निब आणि जीभ केवळ दाबून बसवलेली असतील, तर आधी त्यांची दिशा मोबाइलवर जवळून टिपून घ्यावी आणि सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा पकडीसाठी वापरून सरळ रेषेत ओढावे. हलवत किंवा वाकवत ओढू नये. लॅमी २००० उघडताना पेन ताटावर किंवा रुमालावर धरावे, कारण आत दोन इवल्या टोकांची पातळ धातूची चकती असते, तिच्या जोरावर टोपण अडकते आणि ती फरशीवर पडली की सापडत नाही.

आता वंगण.

१. घुंडी घड्याळाच्या दिशेने फिरवून दट्ट्या पूर्ण मागे न्यावा. नळीची भिंत तोंडापासून आतपर्यंत उघडी होते.

२. भिंत पूर्ण कोरडी असावी. ओल्या भिंतीवर सिलिकॉन बसत नाही. त्याचे गोळे होतात आणि दट्ट्या ते पुढे ढकलत आणतो.

३. दातकोरणीचे टोक थोडे बोथट करून त्यावर ग्रीस घ्यावे. प्रमाण राईच्या अर्ध्या दाण्याइतके असावे. हे वाचताना फारच थोडे वाटते, आणि नेमका इथेच हात सैल सुटतो.

४. नळीच्या साधारण मध्यावर, भिंतीला तीन किंवा चार ठिकाणी स्पर्श करून ते ग्रीस वाटून लावावे. तोंडाशी लावू नये, कारण तिथले जादा ग्रीस निबच्या आट्यांतून जिभेत शिरते.

५. घुंडी सावकाश फिरवून दट्ट्या पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे असा आठ-दहा वेळा न्यावा. पहिल्या दोन फेऱ्यांत फारसा फरक जाणवणार नाही. त्यानंतर दट्ट्या एका सलग, दाट हालचालीने सरकू लागतो. दोन्ही टोकांना पोहोचल्यावर घुंडी आणखी आवळू नये.

६. दट्ट्या पुढे असताना त्याच्या डोक्यासमोर ग्रीसचा कठडा जमलेला दिसला, तर तो मऊ कापडाच्या टोकाने पुसून काढावा. पारदर्शक नळीवर दिसायला हवी ती केवळ एक किंचित ओलसर चमक. पांढरट रेषा किंवा ढग दिसत असतील तर ग्रीस जास्त झाले आहे.

जास्त ग्रीसचे दुखणे असे की ते लगेच दिसत नाही. पेन आठवडाभर छान लिहिते आणि मग मध्येच शब्द सोडू लागते, कारण सिलिकॉनचा पातळ थर जिभेच्या खाचांवर चढतो आणि शाई त्यावरून घसरते. नुसत्या पाण्याने तो जात नाही. जीभ काढून मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने घासावी लागते.

निबच्या संचाच्या आट्यांना ग्रीसचा अगदी पुसट हात लावलेला चालतो. पेन नळीच्या जोडाशी गळत असेल तर त्याचा उपयोगही होतो. आट्यांच्या वरचा भाग, म्हणजे जीभ आणि निब, मात्र कोरडेच राहिले पाहिजेत.

टप्पा ५ : मागून उघडणे, फक्त तशा पेनांसाठी

टप्पा ४ नंतर दट्ट्या मऊ चालत असेल तर हा टप्पा करूच नये. दट्ट्याच्या मागे शाई शिरलेली असेल किंवा घुंडीचे आटे खरखरत असतील, आणि पेन पान्याने उघडण्यासाठीच बनवलेले असेल, तरच पुढे वाचावे.

घुंडी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत गेल्यावर ती नळीपासून मागे सरकते आणि मध्ये फट उघडते. त्या फटीत यंत्रणेच्या चपट्या बाजू दिसतात. पाना तिथे बसतो. उघडण्यापूर्वी घुंडी किती मागे आली आहे आणि दट्ट्या नळीत कुठे आहे, याचा फोटो बाजूने काढून ठेवावा. जोडणीच्या वेळी हा फोटो नसला की तासभर खटपट ठरलेली.

पाना पूर्ण आत बसल्याची खात्री करून, नळी रबराच्या तुकड्यात धरून हलका जोर लावावा. साधे आटे घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. पेलिकनच्या एम ८०० आणि एम १००० चे उलटे आटे घड्याळाच्या दिशेने. पाना घसरू लागला तर थांबावे, कारण चपट्या बाजू एकदा गोल झाल्या की यंत्रणा कायमची अडकते.

यंत्रणा बाहेर आल्यावर दट्ट्याचे डोके आणि नळीची आतली बाजू मऊ कापडाने पुसावी. डोक्याला बहुधा दोन कडा असतात. दोन्हींवर बोटाच्या टोकाने ग्रीसचा पातळ, एकसारखा थर फिरवावा आणि कडांच्या मधल्या खोलगटात ग्रीस भरू नये. दांड्याच्या आट्यांना दातकोरणीने अगदी थोडे लावून दांडा दोन-तीन वेळा पुढे-मागे करावा. यंत्रणा याहून जास्त सुटी करण्याची गरज नसते.

परत बसवताना फोटोप्रमाणे घुंडी तेवढीच मागे असावी. डोके नळीत सरळ, न तिरपे करता, हळूहळू फिरवत ढकलावे. कड दुमडली तर तीच पुढे गळते. आट्यांना आटे मिळवताना आधी सोडवण्याच्या दिशेने किंचित फिरवावे. एका क्षणी हाताला अगदी बारीक ‘टक’ जाणवते, म्हणजे आट्यांची तोंडे जुळली. तिथून आवळायला सुरुवात करावी. पाना लावून शेवटी यंत्रणा फक्त बसती करावी. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्यांना ज्या भेगा पडतात, त्यांतील बऱ्याच या शेवटच्या हट्टी पाव वळणाने पडतात, आणि ती भेग त्या दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी दिसते.

तपासणी. घुंडी बंद केल्यावर ती नळीला चिकटून बसली पाहिजे. फट राहत असेल तर दांडा आट्यांत चुकीच्या जागी गुंतलेला आहे. जोराने फट मिटवू नये. यंत्रणा पुन्हा काढून फोटोशी ताडून बसवावी.

टप्पा ६ : पाण्याची चाचणी

शाई भरण्याआधी ही चाचणी करणे फार कमी लोकांना सुचते. पाण्यात शाईचे दोन-तीन थेंब टाकून फिकट रंग करावा आणि पेन त्याने पूर्ण भरावे. बाहेरून कोरडे पुसून, घुंडीभोवती पांढरा टिश्यू गुंडाळून, पेन निब वर ठेवून रात्रभर उभे करावे. सकाळी टिश्यूवर रंग उमटला असेल किंवा पारदर्शक पेनात दट्ट्याच्या मागे रंगीत थेंब दिसत असतील, तर दट्ट्याची कड दुमडली आहे किंवा तिच्याखाली तंतू आहे. केवळ रंगहीन धुके असेल तर ती बाष्पाची ओल असते. तिची काळजी नको. टिश्यू कोरडा निघाला की रंगीत पाणी सोडून पेन वाळवावे.

टप्पा ७ : शाई भरणे

दट्ट्या पूर्ण पुढे नेऊन निब शाईत पूर्ण बुडवावी. निबवरील छोटे भोकही शाईखाली गेले पाहिजे. ते वर राहिले तर शाईऐवजी हवा ओढली जाते आणि दोष दट्ट्याला मिळतो. घुंडी सावकाश मागे फिरवावी, शेवटी आठ-दहा सेकंद थांबावे, मगच निब बाहेर काढावी. त्यानंतर तीन-चार थेंब बाटलीत परत सोडून, निब वर करून घुंडी शेवटपर्यंत मागे घ्यावी. असे केल्याने जिभेतील जादा शाई आत जाते आणि पहिल्या ओळीवर डाग पडत नाही.

गळती आणि घाट

वंगण घातल्यानंतर पेन गळले की लोक पुन्हा पेन उघडतात. आधी ते पेन त्या दिवशी कुठे गेले होते ते आठवावे. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. पसरणीचा घाट चढून जाताना हवेचा दाब कमी होतो आणि पेनातील हवा जवळपास आठ टक्क्यांनी फुगते. अर्ध्या रिकाम्या पेनात एक मिलिलिटर हवा असेल, तर दीडेक थेंब शाई निबमधून बाहेर ढकलली जाते. शर्टच्या खिशाला तेवढे पुरते. उन्हात उभ्या गाडीतही हेच होते, कारण हवा तापली की फुगते. घाट चढताना पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे असावे आणि निब वर असावी. शाई निबकडे आली आणि घुंडी कोरडी राहिली, तर दट्ट्या निर्दोष आहे.

किती दिवसांनी काय करावे

रोज वापरातील पेन महिना-दीड महिन्याने आणि शाईचा रंग बदलताना प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुवावे. चकाकी असलेली किंवा पिगमेंटची शाई वापरत असल्यास दर दुसऱ्या भरण्याला धुणे बरे. ग्रीस मात्र कॅलेंडर पाहून लावू नये. दट्ट्या स्वच्छ असूनही कुरकुरू लागला तरच लावावे, आणि नीट वापरलेल्या पेनाला त्याची गरज वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळीच पडते. दर महिन्याला ग्रीस लावणाऱ्यांची पेने मला न लावणाऱ्यांच्या पेनांपेक्षा जास्त वेळा दुरुस्त करावी लागली आहेत.

पंधरा दिवसांहून जास्त काळ पेन वापरणार नसाल, तर ते रिकामे करून, धुऊन, दट्ट्या नळीच्या मध्यावर ठेवून ठेवावे. घुंडी फिरत असूनही दट्ट्या जागचा हलत नसेल, किंवा फिरवताना आत काही निसटल्याचा आवाज येत असेल, तर आटे गेले आहेत किंवा यंत्रणा नळीतून सुटली आहे. वंगणाने यातील काहीच बरे होत नाही. पेन आहे त्या स्थितीत, आणखी एकदाही न फिरवता, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावे.

काडतुसाच्या (कार्ट्रिजच्या) पेनात बसवण्याचा कन्व्हर्टर, म्हणजे काडतुसाच्या जागी बसणारी शाई ओढण्याची सुटी नळी, घट्ट झाला असेल तर त्यालाही हाच क्रम लागू पडतो, फक्त ग्रीसचे प्रमाण आणखी कमी ठेवावे. त्याच्या तोंडातून दातकोरणी आत जात नाही, तेव्हा धातूची कडी फिरवून वरचा भाग निघतो का ते पाहावे. निघत नसेल तर धुऊनही न सुटणारा कन्व्हर्टर बदलणे हेच स्वस्त पडते.